तीन पानांचा मेमो आणि हुकूम नसलेली नोकरी

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात १३ मे १९३१ रोजी एका साबण कंपनीतल्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने आपल्या खात्यातल्या वरिष्ठाला तीन पानांचा मेमो लिहिला. निमित्त किरकोळ होतं. खात्याला आणखी माणसं हवी होती. मंदीच्या दिवसांत नवी माणसं मंजूर करून घेणं सोपं नव्हतं. वरिष्ठांना वर शब्द टाकताना हाताशी काहीतरी असावं म्हणून ही माणसं नेमकं काय करतील ते त्याने लिहून दिलं.

कंपनी प्रॉक्टर अँड गॅम्बल, तरुण नील मॅकेलरॉय. त्या कागदात त्याने अशा माणसाला ‘ब्रँड मॅन’ म्हटलं होतं. पुढे त्याचाच ‘ब्रँड मॅनेजर’ झाला आणि मार्केटिंगमधली ही नोकरी जगभर पसरली. मुंबईत अंधेरी पूर्वेला चकाल्यात पी अँड जी आणि हिंदुस्तान युनिलिव्हर या दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं आहेत. तिथे रोज सकाळी मेट्रोतून उतरणाऱ्या कितीतरी पोरापोरींच्या व्हिजिटिंग कार्डावरचं पद या तीन पानांतून आलेलं आहे.

हे प्रकरण मी निवडलं ते थोडं वैतागून. मार्केटिंगच्या मुलाखतीला येणारी मुलं ‘माझं कम्युनिकेशन चांगलं आहे’ असं सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा न अडखळता बोललेलं इंग्रजी आणि देखण्या स्लाइड असतात. या धंद्यात लिहिणं-बोलणं का लागतं, याचं उत्तर मला मॅकेलरॉयच्या कागदात जितकं स्वच्छ सापडलं तितकं वर्गात कधी सापडलं नव्हतं.

परिस्थिती

प्रॉक्टर अँड गॅम्बलची सुरुवात १८३७ ची. विल्यम प्रॉक्टर मेणबत्त्या करायचे, जेम्स गॅम्बल साबण. दोघे साडू. सासऱ्यांनी सुचवलं म्हणून एकत्र आले. १८७९ मध्ये त्यांचा पांढरा, पाण्यावर तरंगणारा आयव्हरी साबण आला आणि पुढची पन्नासएक वर्षं कंपनीची ओळख आयव्हरी हीच राहिली. १९२६ मध्ये कंपनीने कॅमे हा सुवासिक, चेहऱ्यासाठीचा साबण काढला. मॅकेलरॉयच्या वाट्याला हा कॅमे आला होता.

एका घरात थोरली सून कर्तबगार असली की धाकटीचं जे होतं, तेच कॅमेचं झालं. बाहेर पामऑलिव्ह आणि लिव्हरचा लक्स होतेच, पण खरी अडचण घरात होती. सेल्समन तेच, जाहिरात खातं तेच, विभागप्रमुखही तेच, आणि सगळ्यांचं पहिलं लक्ष आयव्हरीकडे. एखाद्या भागात कॅमे का उठत नाही, हे विचारणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. खराब काम करणारा माणूस शोधून काढता येतो, पण जे काम कोणाचंच नाही ते शोधायला डोकं लागतं.

मॅकेलरॉयबद्दल एवढं सांगायला हवं. शिक्षक आई-वडिलांचा मुलगा, हार्वर्डमधून १९२५ साली अर्थशास्त्राचा पदवीधर. पुढे तिथल्याच बिझनेस स्कूलला जायला पैसे साठवावेत म्हणून या कंपनीच्या जाहिरात खात्यात टपाल सांभाळणारा कारकून म्हणून लागला, आणि बिझनेस स्कूल राहूनच गेलं. कंपनीत कोण कोणाला काय लिहितं, कोणतं पत्र दुसऱ्या दिवशी कामाला लागतं आणि कोणतं टेबलावर पडून राहतं, हे टपाल हाताळणाऱ्याला फुकटात शिकायला मिळत असणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

आता एका पानाच्या नियमाबद्दल. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड ड्यूप्री यांना एका पानापेक्षा लांब टिपण चालत नसे. आपल्याला झेपेल इतकं आटवून आणा, म्हणून ते कागद परत पाठवत. मॅकेलरॉयने तीन पानं लिहिली आणि तरी ड्यूप्रींनी योजना उचलून धरली. ही गोष्ट मार्केटिंगच्या वर्गात दोन तऱ्हांनी सांगितली जाते. काही जण ‘थोडक्यात लिहा’ म्हणून सांगतात, काही जण ‘नियम मोडायची हिंमत ठेवा’ म्हणून. मला दोन्ही पटत नाहीत. मेमो चालला याचं कारण पानांच्या संख्येत नाही.

तीन पानांत काय होतं

कॅमे आणि आयव्हरीच्या भांडणाची तक्रार तिथे नाही. ‘अंतर्गत स्पर्धेचे तत्त्वज्ञान’ वगैरे काही नाही. एका माणसाच्या कामांची यादी आहे आणि त्या यादीत जवळपास प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू होते.

आपल्या ब्रँडचा माल कुठे किती जातो ते बारकाईने बघ. जिथे चांगला चाललाय तिथे नेमकं काय जमलं ते शोध आणि तशाच दुसऱ्या भागात तोच उपाय करून बघ. जिथे चालत नाही तिथे आधी जुन्या जाहिराती आणि स्कीमचा इतिहास वाच, मग स्वतः त्या भागात जा, दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही भेट, आणि दुखणं कुठे आहे ते काढ. मग त्या दुखऱ्या जागेपुरती योजना कर, आणि तीवर मागितलेला पैसा पेटीमागे परवडेल असा आहे ना, ते तपास. ती योजना त्या भागाच्या विभागप्रमुखाला तपशिलात समजावून सांग आणि त्याची परवानगी व पाठिंबा मिळव. सेल्समनला लागणारं साहित्य तयार कर, ते काम सुरू करतील तेव्हा त्यांच्याबरोबर राहा, शेवटपर्यंत पाठपुरावा कर. नोंदी ठेव आणि ठरवलं तसं घडलं का ते तपास.

पुढे आणखी आहे. नुसत्या छापील मजकुरात चुका काढत बसू नको, ब्रँडच्या सगळ्या छापील जाहिरातींच्या आखणीची जबाबदारी घे. बाकीच्या खर्चाचीही घे. वेष्टनात काय बदलावं ते करून बघ आणि सुचव. शिवाय मदतनीसांनी काय करायचं आणि बाजारात फिरून पडताळणी करणाऱ्यांनी काय करायचं, तेही वेगळं मांडलेलं.

हे वाचून ड्यूप्रींसारख्या माणसाला नवा माणूस सोमवारी सकाळी येऊन काय करेल ते डोळ्यांसमोर दिसलं असणार. मंजुरी मागणाऱ्या लिखाणाकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो. वाचणाऱ्याला काम दिसायला हवं.

माझ्या पहिल्या नोकरीतल्या पहिल्या टिपणाचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. इंग्रजीत होतं, पण मराठीत आणलं तर असं: मराठवाड्यातील ब्रँडची कामगिरी उंचावण्याच्या दृष्टीने व्यापक उपाययोजना करणे आवश्यक आहे. साहेबांनी समासात तीनच शब्द लिहिले: कोण, कधी, कितीत. मी दुसरा खर्डा नेला तेव्हा त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, ‘तू जालन्याला गेला होतास का रे?’ गेलो नव्हतो. म्हणूनच वाक्य इतकं लांब झालं होतं. प्रत्यक्ष पाहिलेलं नसलं की शब्द वाढतात, हे त्या दिवशी कळलं, आणि पुढची वीस वर्षं दुसऱ्यांच्या टिपणांतही तेच दिसत राहिलं.

उसना अधिकार

मेमोतल्या ज्या ओळीवर मी सर्वात जास्त वेळ थांबतो ती विभागप्रमुखाकडून परवानगी आणि पाठिंबा मिळवण्याची. ती वाचली की या नोकरीची मूळ घडण दिसते. मॅकेलरॉय ब्रँड मॅनला जबाबदारी सगळी देतो, हुकूम मात्र एकही देत नाही. सेल्समन विभागप्रमुखाचे. कारखाना कारखान्याच्या मॅनेजरचा. जाहिरात एजन्सी तर कंपनीच्या बाहेरचीच. पैसा हिशेबखात्याकडे. या सगळ्यांकडून काम करून घ्यायचं, आणि त्यातला कोणीही आपल्या हाताखाली नाही.

नव्वद वर्षं उलटून गेली तरी यात फारसा फरक पडलेला नाही. आजचा ब्रँड मॅनेजर एरिया सेल्स मॅनेजरला ‘कर’ म्हणू शकत नाही. महिनाअखेर आहे, त्याचं टार्गेट अर्धं बाकी आहे, डिस्ट्रिब्युटरचे पैसे अडकलेत, आणि वरून मुंबईचा कोणीतरी पोरगा येऊन नव्या पाकिटाची गोष्ट सांगतोय. तो ऐकेल तर बोलण्यामुळे ऐकेल, आणि बोलणं संपल्यावर हातात जो कागद उरेल त्यामुळे पुढे करेल. दुसरं साधनच नाही.

म्हणून मार्केटिंगमध्ये लिहिणं-बोलणं हे ‘सॉफ्ट स्किल’ या सदरात टाकतात ते मला चुकीचं वाटतं. सुताराकडे रंधा असतो तसं हे आहे. हिशेबनीस तोंडाने मिटलेला असला तरी ताळेबंद जुळवून देतो, प्रोग्रॅमर चार वाक्यं न बोलता कोड लिहून मोकळा होतो. ब्रँड मॅनेजरच्या हातातून शब्द काढून घेतले तर टेबलावर एक्सेलची शीट उरते, आणि ती सेल्सवाल्यांकडे आधीच असते.

यात एक बारकावा आहे. तीच योजना प्रत्येकाला वेगळी सांगावी लागते, आणि त्यात खोटेपणा नसतो. साहेबांच्या कागदावर पैसा पहिल्या ओळीत लागतो: किती मागतोय, पेटीमागे किती पडतो, कधी वसूल होतो. एरिया मॅनेजरला कोणते आठवडे, किती दुकानं आणि त्याच्या माणसांचे किती तास जाणार ते हवं असतं. एजन्सीला ती बाई हवी असते जी साबण विकत घेते: ती कुठे राहते, सकाळी काय करते, आत्ता कोणता साबण वापरते आणि का. सेल्सच्या मीटिंगमध्ये ‘ब्रँड इक्विटी’ (ब्रँडच्या नावाची बाजारातली पत) म्हणालात की माणसं टेबलाखाली फोन बघायला लागतात. ‘दुकानदाराला नगामागे काय सुटतं’ म्हणालात की मान वर होते.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. मुख्यालयाचा कागद इंग्रजीत, बाजार मराठीत. स्लाइडवर लिहिलेलं असतं की ट्रायल चांगली आहे पण रिपीट कमी. तेच लातूरचा किराणा दुकानदार सांगतो, ‘गिऱ्हाईक एकदा घेऊन जातं, परत मागत नाही.’ दोन्हींचा अर्थ एकच, पण दुकानदाराच्या वाक्यात पुढचा प्रश्न आपोआप येतो: का मागत नाही? स्लाइडवरचं वाक्य वाचून पुढची स्लाइड येते. लातुरात मराठीत ऐकलेलं चकाल्यात इंग्रजीत त्यातला जीव न घालवता मांडणं, आणि चकाल्यात ठरलेलं लातुरात दुकानदाराच्या हिशेबात उतरवणं, हे ज्याला जमतं त्याची किंमत मी चांगल्या पदवीपेक्षा वरची लावीन. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हे कोणी सांगत नाही. ती आपली उलट लाजत बसतात.

वही-पेन्सिल न नेणाऱ्या मुली

त्याच काळात त्याच कंपनीत पॉल स्मेल्सर नावाचे अर्थशास्त्राचे डॉक्टर बाजार संशोधन खातं चालवत होते. ‘डॉक’ स्मेल्सर अधिकाऱ्यांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारत. आयव्हरीतला किती साबण तोंड-हात धुवायला जातो आणि किती भांड्यांना? कोणाला सांगता येत नसे.

ते शोधायला त्यांनी मुख्यतः कॉलेज शिकलेल्या तरुण मुली घरोघर पाठवल्या. अट अशी की हातात फॉर्म नाही, वही नाही, पेन्सिल नाही. जायचं, गप्पा मारायच्या, सगळं लक्षात ठेवायचं आणि बाहेर आल्यावर लिहून काढायचं.

या अटीमागचं शहाणपण फिल्डवर गेलेल्या प्रत्येकाला कळेल. फॉर्म पुढे आला की माणूस परीक्षा दिल्यासारखी उत्तरं देतो. विदर्भातल्या एका गावात मी फॉर्म घेऊन एका बाईंना साबणाबद्दल विचारलं. ‘चांगला आहे, वास छान येतो,’ म्हणाल्या. फॉर्म पिशवीत घातला, पाणी मागितलं, इकडचं-तिकडचं बोललो. तेवढ्यात न विचारता त्या म्हणाल्या, ‘लवकर झिजतो हो दादा. पाहुणे आले की बाहेर काढतो, एरवी लाल साबणच.’ पहिलं उत्तर माझ्या फॉर्ममध्ये गेलं असतं आणि तिथेच मेलं असतं. दुसऱ्या उत्तरावर मी तीन महिने काम केलं.

स्मेल्सरच्या मुलींचं काम अर्धं बोलण्याचं आणि अर्धं लिहिण्याचं, आणि दोन्हींच्या मध्ये स्मरणशक्ती. आज फोनवर रेकॉर्डिंग करता येतं, करावंही, पण घराबाहेर पडल्यावर लगेच दहा ओळी हाताने लिहायची सवय मी सोडलेली नाही. आपल्याला काय महत्त्वाचं वाटलं ते रेकॉर्डिंग सांगत नाही.

पुढे काय झालं

मॅकेलरॉय चढत गेला. रेडिओवरच्या ज्या कौटुंबिक मालिकांना साबण कंपन्यांच्या प्रायोजकत्वामुळे ‘सोप ऑपेरा’ नाव पडलं, त्यांच्यावर पैसा लावण्यात ही कंपनी १९३० च्या दशकात आघाडीवर होती. १९४८ मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला. १९५५ मध्ये व्हाइट हाउसच्या शिक्षणविषयक परिषदेचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं, आणि १९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याला संरक्षणमंत्री केलं. साबणवाला संरक्षणमंत्री, म्हणून टिंगलही झाली.

इथे एक प्रसंग येतो आणि तो मला मेमोइतकाच आवडतो. ४ ऑक्टोबर १९५७ ची संध्याकाळ. मंत्रिपदाची शपथ अजून व्हायची होती. ओळख करून घेण्यासाठी मॅकेलरॉय अलाबामातल्या हंट्सव्हिलला लष्कराच्या रॉकेट केंद्रावर गेला होता. जेवणाआधीच्या गप्पा चालू असताना बातमी आली की रशियाने स्पुटनिक हा जगातला पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. तिथे असलेले रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन उसळले. आमच्याकडे सामान तयार पडलंय, परवानगी द्या, साठ दिवसांत उपग्रह वर नेतो, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. केंद्राचे प्रमुख जनरल मेडॅरिस यांनी आकडा दुरुस्त केला, नव्वद दिवस.

यावेळी मॅकेलरॉय टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होता. परवानगी मागणारे ते, देणारा हा. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्याने कागदावर जे केलं होतं तेच फॉन ब्राउन तोंडी करत होते: हाताशी काय आहे, काय हवंय, किती दिवसांत. मॅकेलरॉयने त्या रात्री शब्द दिला नाही, ऐकून घेतलं. हिरवा कंदील ८ नोव्हेंबरला मिळाला आणि ३१ जानेवारी १९५८ ला अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ वर गेला. चौऱ्याऐंशी दिवस. मेडॅरिस यांची दुरुस्ती बरोबर ठरली. आपल्या उतावीळ माणसाचं आश्वासन चारचौघांत, पण त्याचा पाणउतारा न करता तीस दिवसांनी सैल करणं, हीसुद्धा बोलण्यातली मोठी कला आहे. सेल्स रिव्ह्यूला बसलेल्या कोणालाही विचारा.

१९५८ च्या फेब्रुवारीत मॅकेलरॉयच्या कारकिर्दीत संरक्षण खात्याची ‘आर्पा’ ही संशोधन संस्था निघाली, आणि तिच्याच पैशातून पुढे इंटरनेटचं बी पेरलं गेलं. पण तो साबणाच्या बाहेरचा विषय आहे. १९५९ च्या डिसेंबरमध्ये तो पद सोडून सिनसिनाटीला परतला, त्याच कंपनीत.

मेमोच्या पद्धतीचे तोटेही पुढे दिसले. प्रत्येक ब्रँडला स्वतःचा वकील मिळाला की वकील एकमेकांवर वार करायला लागतात. एकाच कंपनीचे दोन साबण एकाच फळीसाठी, एकाच गिऱ्हाइकासाठी भांडतात, आणि दोघांचीही टिपणं वाचायला उत्तम असतात. चांगलं लिहिणारा माणूस चुकीची गोष्टही मंजूर करून घेतो, ही या धंद्यातली जुनी डोकेदुखी आहे. शेवटी १९८७ मध्ये पी अँड जीनेच ब्रँडांच्या वर कॅटेगरी मॅनेजर, म्हणजे एका प्रकारच्या मालाचे सगळे ब्रँड एकत्र बघणारे, आणून बसवले.

यादीतलं शेवटचं काम

ब्रँड मॅनच्या यादीतली सातवी आणि शेवटची नोंद फारशी कोणी सांगत नाही. प्रत्येक डिस्ट्रिक्ट मॅनेजरला वर्षातून अनेकदा भेट, आणि त्या भागासाठीच्या आपल्या योजनांत काय चुकत असू शकेल त्याची त्याच्याशी चर्चा कर. मुख्यालयाच्या माणसाने गावात जायचं ते आपल्या चुका विचारायला.

साहेबांच्या त्या प्रश्नानंतर मी जालन्याला गेलो. डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात पेट्यांवर बसून, सोबत नेलेलं प्रेझेंटेशन न उघडता, त्यांना विचारलं, ‘काका, आमचं कुठं चुकतंय?’ त्यांनी आधी चहा सांगितला. मग चाळीस मिनिटं बोलत होते: स्कीम महिन्याच्या विसाव्या दिवशी पोचते, तोवर दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा माल भरलेला असतो, छोट्या पाकिटांची लड लटकवायला भोकच नाही, आमचा सेल्समन बाजाराच्या दिवशी येतो, जेव्हा दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. मी मान हलवत राहिलो आणि परतीच्या एसटीत, अंबडच्या फाट्यापर्यंत हलत्या अक्षरात, जमेल तेवढं उतरवून घेतलं. तिसरा खर्डा एका पानाचा झाला. त्यातल्या चार ओळी काकांच्या होत्या, आणि त्या चारच मंजूर झाल्या.